'सहाराचे वाळवंट' म्हणावे काय ?

गेल्या पावसाळ्यातील चाचणी परीक्षेची गोष्ट. बाहेर आपल्या लोणावळ्याचा पाऊस अखंड कोसळत होता, आणि मी दिव्याच्या उजेडात नववीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपाशीत बसलो होतो. आफ्रिका खंडावर दहा वाक्ये लिहावयाची होती. एका विद्यार्थ्याने लिहिले होते, 'दि सहारा डेझर्ट इज दि लार्जेस्ट हॉट डेझर्ट इन दि वर्ल्ड.' वाक्य शुद्ध होते, माहितीही खरी होती. परंतु 'सहारा' ह्या शब्दाचाच अर्थ 'वाळवंट' असा आहे, हे मी कोठेतरी वाचले होते, आणि अर्धवट ज्ञानाचा जो उत्साह असतो तो त्या रात्री माझ्या अंगी संचारला होता. मी 'डेझर्ट' ह्या शब्दावर तांबडी रेघ ओढली, समासात 'पुनरुक्ती' असा शेरा मारला आणि अर्धा गुण कापला. एवढ्यावरच थांबतो तर बरे होते, पण दुसऱ्या दिवशी वर्गात ते वाक्य मोठ्याने वाचून, "वाळवंट वाळवंट असे दोनदा म्हटल्याने ते अधिक कोरडे होते काय?" असेही मी विचारले. वर्ग हसला. तो मुलगा मान खाली घालून बसला.

तास संपल्यावर तो माझ्यामागून व्हरांड्यात आला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, एक शंका आहे, विचारू का ? परवा सहलीची सूचना आपणच फळ्यावर लिहिली होती. तीत 'लोहगड किल्ला' असे होते. गड म्हणजे किल्लाच ना ?"

मजपाशी उत्तर नव्हते. "उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्या एका उद्याचे आठ दिवस झाले. त्या आठ दिवसांत कोश चाळून आणि विचार करून मला जे उमगले, ते विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडेल, अशा आशेने येथे मांडीत आहे.

प्रथम त्या नावाचा अर्थ पाहू. 'सहारा' हे नाव मूळचे अरबी. अरबी भाषेत 'सहरा' म्हणजे ओसाड, उघडा, विस्तीर्ण प्रदेश. आणि त्याचे अनेकवचन 'सहारा' असे होते. इंग्रजीत रूढ झालेले रूप ह्या अनेकवचनाशी जुळते. कोशकार ह्या शब्दाचा संबंध तांबूस-पिवळ्या रंगाच्या वाचक शब्दाशी जोडतात. म्हणजे ज्यांनी हे नाव दिले, त्यांच्या डोळ्यांत त्या भूमीचा रंग प्रथम भरला असावा. अरबी बोलणाऱ्यास 'सहरा' हे सामान्यनाम आहे. आपल्याकडे 'डोंगर' वा 'ओढा' म्हणावे तसे. म्हणूनच आफ्रिकेतील ह्या एका विशिष्ट वाळवंटाविषयी बोलताना तो नुसते 'सहरा' म्हणून थांबत नाही. 'अस्-सहरा अल्-कुब्रा', म्हणजे 'ते सर्वांत मोठे वाळवंट', असे विशेषण जोडून सांगतो.

ते विशेषण त्यास शोभतेही. अटलांटिक महासागरापासून तांबड्या समुद्रापर्यंत पसरलेल्या सहाराचे क्षेत्रफळ सुमारे ९२ लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्रासारखे जवळजवळ तीस प्रांत त्यात मावतील. आपल्या लोणावळ्यास एका पावसाळ्यात सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सहाराच्या बहुतेक भागास वर्षाकाठी शंभर मिलिमीटरही मिळत नाही. तेथे वर्षभरात जेवढे पाणी पडत नाही, तेवढे येथे आषाढातील एका दुपारी आपल्या छत्र्यांवरून वाहून जाते.

येथे आणखी एका गोंधळाचा उलगडा केला पाहिजे. हिंदीत 'सहारा' म्हणजे आधार. पुष्कळ मुलांस वाटते की वाळवंटाचे नाव तेच. तसे नाही. आधारवाचक 'सहारा' वेगळा, अरबीतून उर्दूत आलेला वाळवंटवाचक 'सहरा' वेगळा, आणि नवरदेवाच्या मुखावर सोडतात तो फुलांचा 'सेहरा' त्याहून वेगळा. उच्चार जवळचे, कुळे निराळी. उलट ज्याचा आपणास संशयही येत नाही असा एक शब्द मात्र खरोखर सहाराचा शेजारी आहे. सहाराच्या दक्षिण सीमेवरील विरळ गवताच्या पट्ट्यास भूगोलात 'साहेल' म्हणतात. तो अरबी 'साहिल' शब्द होय. त्याचा अर्थ किनारा. आपल्या वर्गातही साहिल नावाची मुले असतात. उंटावरून दिवसांमागून दिवस ते अफाट रण ओलांडून आलेल्या प्रवाशास हिरवळीची पहिली कड दिसली, तेव्हा त्याने तीस किनारा म्हटले. वाळवंटास समुद्र मानल्यावाचून हे नाव सुचणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'सहारा' म्हणजेच वाळवंट, तर 'सहारा डेझर्ट' म्हणणे चूक नव्हे काय ?

चूक नव्हे, आणि ह्याचे कारण व्याकरणातच आहे. एखादा शब्द आपल्या घरी सामान्यनाम असतो. तो दुसऱ्या भाषेत गेला की त्याचा अर्थ सहसा वेशीबाहेरच राहतो. आत जातो तो केवळ ध्वनी, आणि तो एका ठिकाणाचे विशेषनाम होऊन बसतो. इंग्रज मनुष्य 'सहारा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 'वाळवंट' हा अर्थ नसतो. एका भूभागाचे नाव तेवढे असते. ते नाव कशाचे, नदीचे की पर्वताचे की राज्याचे, हे ऐकणाऱ्यास कळावे म्हणून तो पुढे 'डेझर्ट' हा जातिवाचक शब्द जोडतो. त्याच्या भाषेत ही पुनरुक्ती होतच नाही, कारण पहिल्या शब्दाने ती गोष्ट त्यास सांगितलेलीच नसते.

असे एकट्या सहाराचेच झाले आहे असे नाही. मध्य आशियातील 'गोबी' हे मंगोल भाषेतील सामान्यनाम; निर्जल, खडेमय मैदान असा त्याचा अर्थ. तरी सारे जग 'गोबीचे वाळवंट' म्हणते. सहाराच्या दक्षिणेस 'चाड सरोवर' आहे. 'चाड' ह्याचा अर्थ तेथील कानुरी भाषेत मोठा जलाशय असाच आहे. आणि इंग्रजांनी हे केवळ परक्यांच्या शब्दांस केले म्हणावे, तर त्यांच्या स्वतःच्या देशात 'ॲव्हन' नावाच्या एकाहून अधिक नद्या आहेत. त्यांपैकी एकीच्या तीरी शेक्सपिअर जन्मला. 'ॲव्हन' हा त्या बेटावरील जुन्या केल्टिक भाषेतील शब्द, अर्थ नदी. आज सर्व इंग्रज 'ॲव्हन नदी' म्हणतात आणि त्यात कोणास काही गैर दिसत नाही.

पण परदेशी कशाला जावे ? आपल्या शाळेच्या खिडकीतून जो दिसतो, त्यास आपण काय म्हणतो ? 'सह्याद्री पर्वत'. 'अद्री' म्हणजे पर्वत. 'सह्य' नावाचा पर्वत तो सह्याद्री. म्हणजे आपण पर्वतास दोनदा पर्वत म्हणतो. मळवली स्थानकावर उतरून आपण ज्यावर चढतो, तो 'लोहगड किल्ला'. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांनी तो मोगलांस दिला आणि १६७० मध्ये परत घेतला. २०२५ साली तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला. इतका नामांकित गड; तरी सहलीची सूचना लिहिताना माझ्या हातून त्यापुढे 'किल्ला' उमटलाच. घरात आजी म्हणते, 'पिवळा पीतांबर आण.' पीत म्हणजेच पिवळे, अंबर म्हणजे वस्त्र. तिला हसणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की, पीतांबर हे आता रंगाचे नाव उरलेले नाही; ते सोवळ्याच्या रेशमी वस्त्राचे नाव झाले आहे. म्हणून तर तांबडा पीतांबरही असू शकतो, आणि पिवळा कोणता हे सांगावे लागते. मात्र 'गाईचे गोमूत्र' ह्यास ही सवलत देता येणार नाही; कारण तेथे 'गो' शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात अद्याप जिवंत आहे. अर्थ मावळला असेल तेथे जोड क्षम्य, किंबहुना आवश्यक; अर्थ जागा असेल तेथे ती खरी पुनरुक्ती. हीच ह्या विषयातील कसोटी होय.

ही कसोटी हाती आल्यावर इंग्रजी लेखनासाठी काय लक्षात ठेवावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, 'दि सहारा' आणि 'दि सहारा डेझर्ट' ही दोन्ही रूपे इंग्रजीत शुद्ध मानतात. वाचकास ठिकाण परिचित असेल, किंवा वाक्यात वाळवंटाचा उल्लेख अन्यथा आला असेल, तर नुसते 'दि सहारा' अधिक सुटसुटीत. भूगोलाच्या पुस्तकात, नकाशावर, लहान मुलांसाठी लिहिताना 'डेझर्ट' जोडणे सोयीचे.

दुसरी गोष्ट, 'दि' हे निश्चित उपपद विसरू नये. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून आपल्या मुलांची येथे हमखास चूक होते. इंग्रजीत नद्या, समुद्र, पर्वतांच्या रांगा आणि वाळवंटे ह्यांच्या नावांपूर्वी 'दि' येते. गावे, खंड व बहुतेक देश ह्यांच्या नावांपूर्वी येत नाही. म्हणून 'दि सहारा', 'दि इंद्रायणी', 'दि सह्याद्रीज्'. पण नुसते 'आफ्रिका', नुसते 'लोणावळा'. ह्याच न्यायाने पश्चिम किनाऱ्यावरील 'वेस्टर्न सहारा' हे एका राजकीय प्रदेशाचे नाव असल्यामुळे त्यापूर्वी 'दि' लावीत नाहीत.

तिसरी गोष्ट, ह्या नामापासून 'सहारन' हे विशेषण होते. 'सब-सहारन आफ्रिका' म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका. येथे 'सब' चा अर्थ भूमीच्या खाली असा नसून नकाशात खाली असा घ्यावयाचा.

चौथी गोष्ट, रूक्ष, कंटाळवाण्या वस्तूस इंग्रजीत लक्षणेने 'ए सहारा' म्हणतात. एखाद्या लेखकाचे पुस्तक नीरस असेल तर ते शब्दांचा सहारा ठरते. अशा वेळी विशेषनाम पुन्हा सामान्यनाम होते आणि परदेशी हरवलेला अर्थ निराळ्या वाटेने परत येतो.

आता 'डेझर्ट' ह्या शब्दाचाही थोडा समाचार घेऊ, कारण त्याच्या वर्णलेखनात पुष्कळांचे गुण जातात. हा शब्द लॅटिनमधील 'टाकून जाणे' ह्या अर्थाच्या धातूपासून आला. डेझर्ट म्हणजे मनुष्यांनी टाकलेली, निर्जन जागा. तेथे वाळू असलीच पाहिजे असे नाही. ह्यामुळेच रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतल्यासारख्या झाडाझुडपांनी भरलेल्या पण माणूस नसलेल्या बेटास इंग्रजीत 'डेझर्ट आयलंड' म्हणतात. आपण त्याचे भाषांतर 'वाळवंटी बेट' असे केले तर अनर्थ होईल. नाम म्हणून उच्चारताना पहिल्या अवयवावर जोर येतो. 'सोडून पळणे' ह्या अर्थी क्रियापद असता दुसऱ्यावर. जेवणानंतरच्या गोड पदार्थाच्या नावाचा उच्चार त्या क्रियापदासारखाच. पण त्यात 'एस्' दोन. गोड पदार्थ माणूस दुसऱ्यांदा मागून घेतो, म्हणून त्यात 'एस्' दोन, आणि वाळवंटात कोणी दुसऱ्यांदा जात नाही, म्हणून तेथे एक, एवढे स्मरणात ठेवले तरी पुरे.

तीन भाषांनी एकाच भूमीत काय पाहिले ते आता पाहा. अरबीने तिचा रंग आणि उघडेपणा पाहिला. इंग्रजीने तिचा निर्जनपणा पाहिला. वस्तुतः ती निर्जन नाही, तुआरेग व इतर लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. आणि मराठीने वाळू पाहिली. परंतु सहाराचा जेमतेम चतुर्थांश भाग वाळूचा आहे, बाकी खडक, गोटे आणि कठीण माळरान.

आपला 'वाळवंट' शब्द मूळ कोणत्या अनुभवातून आला, ते आपण मावळकरांनी तरी विसरू नये. मराठी माणसाने सहारा पाहिला नव्हता. त्याचे वाळवंट नदीकाठचे. पंढरपूरचे वाळवंट म्हटले की कोणत्याही वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे शुष्क, निर्जन प्रदेश उभा राहत नाही. चंद्रभागेच्या काठची ओली वाळू, दिंड्या, टाळ-मृदंग आणि लाखोंचा मेळा उभा राहतो. आणि ह्या वाळवंटाचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते. कामशेत, देहू, आळंदी ह्यांवरून वाहत जाऊन तुळापुरास भीमेस मिळते. आणि तीच भीमा पंढरपुरास चंद्रभागा म्हणविते. आपल्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचा काही अंश त्या वाळवंटास भिजवीत जातो. अशा जिवंत शब्दास पुढे भूगोलाच्या पुस्तकाने सहाराच्या दारी नेऊन उभे केले. शब्दास कोठे जावे लागेल, हे त्याच्या हाती नसते.

आपल्या घरचे शब्दही असेच परमुलखी गेले आहेत. मराठीत 'घाट' म्हणजे डोंगर चढून जाण्याची वाट; बोरघाट, नाणेघाट ही त्याची उदाहरणे. कोकणातून वर येणारा प्रत्येक जण 'घाट चढतो', हे ऐकून परकीयांनी वाटेचे नाव अख्ख्या पर्वतास दिले. सह्याद्री त्यांच्या पुस्तकांत 'वेस्टर्न घाट्स' झाला, आणि पूर्वेकडील डोंगर 'ईस्टर्न घाट्स' झाले. पुढे आपणच त्याचे भाषांतर करून 'पश्चिम घाट' हे नाव परत घरी आणले. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत ही पर्वतराजी गेली, ती ह्याच नावाने. १८६३ साली ज्या घाटातून आगगाडी खंडाळ्यापर्यंत चढून आली, तो घाट निराळा, आणि नकाशावरचा 'पश्चिम घाट' निराळा. शब्द मात्र एकच.

आणि खुद्द 'मावळ' ? सूर्य मावळतो त्या दिशेचा, सह्याद्रीच्या कुशीतील मुलूख तो मावळ. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ अशी त्याची खोरी आजही आपल्या तालुक्यात ओळखली जातात. ह्या खोऱ्यांतला राहणारा तो मावळा. परंतु शिवछत्रपतींच्या मागे तो उभा राहिला, आणि पुढे महाराजांचा कोणताही शूर शिपाई, मग तो कोठलाही असो, मावळाच म्हटला जाऊ लागला. दिशेचे नाव मुलखास मिळाले, मुलखाचे माणसास, आणि माणसाचे शौर्यास. येथे मूळ अर्थ पुसट झाला म्हणून शब्द दरिद्री झाला असे कोण म्हणेल ?

तात्पर्य एवढेच की, नावाचा अर्थ जाणणे हे भूषण आहे. पण त्या ज्ञानाचा छडीसारखा उपयोग करणे हे भूषण नव्हे. 'सहारा' म्हणजे वाळवंट हे ज्यास ठाऊक आहे तो अधिक जाणतो खरा. परंतु 'सहारा डेझर्ट' लिहिणारा चुकतो असे त्यावरून ठरत नाही. भाषेचा निवाडा व्युत्पत्ती एकटी करीत नाही. तिच्या जोडीस रूढी बसते, आणि पुष्कळदा अखेरचा शब्द रूढीचाच असतो.

पालकांस एक विनंती. आपल्या मावळातील शेतांस, झऱ्यांस, टेकाडांस, नदीच्या डोहांस नावे आहेत. ती कोणत्याही नकाशात नाहीत. घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. अमक्या शेतास ते नाव का पडले, हे आजोबांस ठाऊक असते, वडिलांस अर्धवट आठवते, आणि मुलाच्या वाट्यास नुसता ध्वनी येतो. परक्या भाषेत गेल्यावर नावाचा अर्थ हरपतो हे आपण पाहिले. परंतु आपल्याच घरात तीन पिढ्यांत तो हरपावा, हे बरे नाही. मुलांस जवळ बसवून ती नावे आणि त्यांमागच्या गोष्टी सांगाव्यात. मुलांनी त्या वहीत उतरून घ्याव्यात. सहाराचा अर्थ कोशात सापडतो. आपल्या बांधावरच्या शेताचा सापडणार नाही.

राहता राहिला तो अर्धा गुण. नवव्या दिवशी मी ती उत्तरपत्रिका परत मागवली, समासातील शेरा खोडला आणि गुण पुरा केला. ज्या वर्गासमोर मी त्या विद्यार्थ्यास हसवले होते, त्याच वर्गासमोर "चूक माझी होती" असे सांगितले. ह्या वेळी वर्ग हसला नाही. मग फळ्यावर सहलीची नवी तारीख लिहिली, आणि तिच्यापुढे, आता पुरत्या समजुतीने, 'लोहगड किल्ला' असेच लिहिले.